मोजणी कचेरीची पांढरी रेघ

“किती झालं आता?” काकूंनी शेंगा सोलता सोलता विचारलं.

“सत्तर,” काटकोनराव लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाले.

“शंभरातले?”

“शंभरातले.”

“मी मीठ एवढं घातलं असतं तर ताट सरकवलं असतंत.”

जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग गेल्या वर्षापासून काटकोनरावांच्या ताब्यात होता, आणि ताबा टिकवायचा असेल तर वाद घालू नये, हे मोजणी खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. त्यांनी पडद्यावरचा बारका गोल मणी आणखी थोडा उजवीकडे सरकवला. मण्याच्या पट्टीवर लिहिलं होतं ‘शार्पनेस’. मणी उजवीकडे नेला की फोटोतल्या कडा धारदार होतात, डावीकडे आणला की मवाळ. फोटोग्राफीच्या वर्गात त्यांना बजावलं होतं, ‘कडेला पांढरी रेघ दिसू लागली की समजा जास्त झालं, तिथून मागे फिरा.’ हे वाक्य त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून लॅपटॉपच्या कोपऱ्यात चिकटवलं होतं. ते वाक्य वाचत, मग फोटोत पांढरी रेघ शोधत. ती काही त्यांना दिसत नसे. म्हणून ते पुढे जात.

रेघ न दिसण्याचं कारण फोटोत नव्हतं, नाकावर होतं. चष्मा नऊ वर्षांपूर्वीचा. काकू दर आठवड्याला म्हणत, “अहो, डोळे दाखवून या.” आणि दर आठवड्याला काटकोनराव म्हणत, “माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. हल्ली वर्तमानपत्रांची शाईच पातळ झालीय.”

“नव्वद,” त्यांनी जाहीर केलं. “आत्ता कुठे भिंत भिंतीसारखी दिसायला लागली.”

काकू पदराला हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या. “मला तर कातरीनं कापून आभाळावर चिकटवल्यासारखी दिसतेय.”

“तुला फोटोतलं कळत नाही.”

“नाही कळत. दिसतं मात्र.”

फोटो होता जुन्या मोजणी कचेरीचा. गंमत अशी, की चौतीस वर्षांच्या नोकरीत काटकोनरावांना ती इमारत एकदाही दिसली नव्हती, कारण ते आत होते. सकाळी मान खाली घालून आत शिरायचं आणि संध्याकाळी मान खाली घालून बाहेर पडायचं. कचेरी नव्या जागेत गेली, ते निवृत्त झाले, आणि एके दिवशी समोरच्या शिंप्याकडे पँटची शिवण उसवून घ्यायला गेले असताना त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. मग ते तासभर तिथेच उभे राहिले. वरच्या मजल्याच्या खिडक्या खालच्यांपेक्षा चार बोटं उंच होत्या, म्हणजे रस्त्यावरून दोन्ही सारख्या दिसाव्यात. सज्जाखालचं प्रत्येक लाकडी ब्रॅकेट वेगळ्या हाताने कोरलेलं, आणि तरी कुणीही दुसऱ्याच्या पुढे जात नव्हतं. गिलाव्यावर कोपऱ्याकोपऱ्याला रंगाने दगडांचे सांधे काढलेले, असे की खरे दगड लाजावेत. बांधणाऱ्याने हे सगळं करून कुठेही नाव घातलेलं नव्हतं.

काटकोनरावांना लोक काटकोनराव म्हणत, कारण कुणाच्याही घरी गेले की ते बसण्याआधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करत. अशा माणसाला इमारतीचा फोटो काढताना काय यातना होत असतील याची कल्पना करावी. रस्त्यावरून कॅमेरा वर केला की सगळी इमारत मागे कलंडे, एखाद्याने खुर्चीत आळस द्यावा तशी. शेवटी शिंप्याच्या गच्चीवर तिपाई लावली तेव्हा खांब ताठ झाले. मग उजेडाचा शोध. महिनाभर रोज पहाटे गच्चीवर जाऊन त्यांनी टिपून ठेवलं, की सात वीस ते सात एकतीस, फक्त अकरा मिनिटं, ऊन भिंतीला घासत येतं आणि प्रत्येक ब्रॅकेटची सावली बरोबर त्याच्याच पायाशी पडते. शिंप्याच्या बायकोने तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यासाठी गच्चीवर स्टूल ठेवलं. असा कष्टाने मिळवलेला फोटो, आणि त्याला त्यांनी घरी आणून नव्वदची धार लावली.

इथवर काही बिघडलं नव्हतं. फोटो वाईट दिसला म्हणून कुणाचं घर पडत नाही. पण या फोटोवर नेमकी एक इमारत अवलंबून होती.

रिकाम्या कचेरीबद्दल वरून पत्र आलं होतं. इमारत दुरुस्त करून ‘जशी होती तशी’ ठेवली तर संरक्षित यादीत जाईल. मूळ रूपात फरक आढळला तर पाडून तिथे गाड्या उभ्या करायची सोय होईल. दुरुस्ती समितीच्या चिटणीसबाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर अजूनही सगळं गाव हाताची घडी घालून बोलायचं. त्यांनी काटकोनरावांचा तीन फुटी छापील फोटो टेबलावर पसरला आणि समोरच्या रंगाऱ्याला म्हणाल्या, “जुना रंग खरवडला की रेषा, पट्टे सगळं जाणार. मग हाच आपला पुरावा. यात आहे तसंच पाहिजे. एक रेघ जास्त नको, एक रेघ कमी नको.”

“फोटोबरहुकूम?” रंगाऱ्याने विचारलं.

“फोटोबरहुकूम.”

दुसरा कुणी रंगारी असता तर त्याने मान डोलावली असती आणि आपल्या मनासारखा ब्रश मारला असता. इमारत बिनबोभाट वाचली असती. पण याला लोक बोर्डमास्तर म्हणत. उभी हयात त्याने सिनेमाचे बोर्ड रंगवले होते. हाताएवढ्या फोटोवर पेन्सिलीने चौकटी पाडायच्या, तेवढ्याच चौकटी चाळीस फुटी बोर्डावर आखायच्या, आणि एकेका चौकटीत जे दिसेल ते आणि तेवढंच उतरवायचं. नायकाच्या गालावर फोटोत माशी बसलेली असेल तर ती बोर्डावर कावळ्याएवढी होऊन बसायची. या कामात विचार केला की नाक वाकडं होतं, असं त्याचं मत होतं, आणि साठ वर्षांत त्याच्या हातून एकाही नायकाचं नाक वाकडं झालं नव्हतं.

बांबूंची परांची उभी राहिली, तिच्यावर पडदे आले, आणि चौथ्या दिवशी बोर्डमास्तर काटकोनरावांच्या दारात हजर.

“साहेब, सज्जाच्या कडेनं पांढरी रेघ आहे. तिच्या आतून काळी. दोन्ही घ्यायच्या?”

काटकोनरावांनी फोटो नाकाशी नेला, लांब धरला, खिडकीशी नेला. त्यांना रेघ दिसली नाही. पण ज्या माणसाने महिनाभर पहाटे उठून फोटो काढला, त्यानेच ‘मला दिसत नाही’ म्हणायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

“तुम्हाला दिसते?”

“चांगली करंगळीएवढी होतेय, मोजून.”

“मग विचारता काय? तिरपं ऊन कडेवर पडलं की उमटते तशी रेघ.” वाक्य पुरं होईपर्यंत त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला.

दोन दिवसांनी मास्तर पुन्हा आला. “ती पांढरी रेघ छपराच्या कडेला भिंतीवर नाहीये. आभाळात आहे. आभाळात कशी मारू?”

काटकोनरावांनी चहाचे दोन घोट घेतले. “तुम्हाला काय वाटतं?”

“मला काही वाटत नसतं. बाहेरच्या ओठावर घेतो.”

“घ्या.”

तिसऱ्या खेपेला तो दारातूनच म्हणाला, “भिंतभर मिरपूड सांडल्यासारखे ठिपके आहेत.”

“पोत आहे तो,” काटकोनराव म्हणाले. “जुन्या गिलाव्याला असतो.”

“मग दात घासायचे ब्रश लागतील,” मास्तर म्हणाला, आणि वाटेत दोन डझन घेऊन गेला. दुकानदाराचं त्याच्याबद्दलचं मत त्या दिवसापासून चांगलं झालं.

काकू हे तिन्ही संवाद आतून ऐकत होत्या. तिसऱ्यानंतर त्या एवढंच म्हणाल्या, “डोळ्यांच्या दवाखान्यात एक तसबीर लावलीय म्हणे. वाकडी.”

“किती वाकडी?”

“बघवत नाही, म्हणतात.”

काटकोनराव त्याच संध्याकाळी गेले. तसबीर नव्हतीच, पण सगळ्या भिंती न्याहाळत फिरणाऱ्या या गृहस्थांना डॉक्टरीणबाईंनी खुर्चीत बसवलं. “वरची ओळ वाचा.”

“कुठली ओळ?”

“समोरच्या तक्त्यावरची.”

“कुठला तक्ता?”

डॉक्टरीणबाई काही वेळ कागदावर लिहीत राहिल्या. “तुम्ही गाडी चालवता का?” त्यांनी काळजीने विचारलं.

“नाही. फोटो काढतो.”

नवा चष्मा पाच दिवसांनी आला. काटकोनरावांनी तो दुकानात न लावता घरी आणून टेबलाशी बसून लावला. पहिल्यांदा त्यांना काकू दिसल्या. “अगं, तुझ्या हनुवटीवर तीळ आहे.”

“लग्नात होता,” काकू म्हणाल्या.

मग पंख्यावरची धूळ दिसली. मग लॅपटॉपच्या कोपऱ्यातली चिठ्ठी, तिच्यातला काना-मात्रा. आणि मग त्यांनी मोजणी कचेरीचा फोटो उघडला.

सगळ्या इमारतीभोवती खडूने आखल्यासारखी पांढरी रेघ होती. तिच्या आतून काजळ घातल्यासारखी काळी. ज्या भिंतीवर ऊन लोण्यासारखं पसरलं होतं ती भिंत आता गोवर उठल्यासारखी दिसत होती. खिडक्यांच्या झडपा अशा, की बोट लावलं तर कापावं. ती अकरा मिनिटं, ते स्टूल, महिनाभराच्या पहाटा, सगळ्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने किसणी फिरवली होती.

ते बोलले ते फार हळू. “अगं, मास्तर तीनदा आला होता ना?”

“तीनदा.”

“काय विचारलं होतं गं त्याने?”

काकूंनी शब्दाशब्दाने सांगितलं. पायात चपला अडकवून काटकोनराव निघाले तेव्हा एक त्यांची होती आणि एक काकूंची.

ते पोचले तेव्हा परांचीवरचे पडदे उतरत होते. रस्त्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती. चिटणीसबाई दर थोड्या वेळाने चष्मा काढून पुसत होत्या.

इमारत उभी होती, आणि नव्वदवर होती. प्रत्येक कडेला करंगळीएवढी पांढरी रेघ, आत तेवढीच काळी. ब्रॅकेटं भिंतीतून निघून अंगावर येतायत असं वाटत होतं. भिंतभर ठिपके, दाट तिथे दाट, विरळ तिथे विरळ. छपराच्या बाहेरच्या ओठावरून ती आभाळातली रेघ इतकी अचूक फिरली होती की इमारत खरंच मागच्या आभाळापासून सुटी झाल्यासारखी दिसे. कुठे थेंब ओघळलेला नाही, कुठे हात थरथरलेला नाही. काटकोनरावांची चूक साठ फूट रुंद झाली होती आणि तिच्यात एकही चूक नव्हती. त्या घाबरलेल्या अवस्थेतसुद्धा त्यांना वाटून गेलं, की काय हात आहे या माणसाचा.

“छान झालंय,” चिटणीसबाई चाचपडत म्हणाल्या. “फक्त मघापासून मला कळत नाहीये, मला चष्मा लागलाय की सुटलाय.”

“मला उलट बरं वाटतंय,” शिंपी दारातून म्हणाला. “समोर बघून सुई ओवली, एका फटक्यात गेली.”

“उद्या दहा वाजता पाहणी आहे,” चिटणीसबाई म्हणाल्या. “काटकोनराव, तुम्ही एवढे पांढरे का पडलात?”

काटकोनरावांनी सांगितलं. मणी, पट्टी, नव्वद, चष्मा, तिन्ही खेपा, काही लपवलं नाही. ऐकून चिटणीसबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांचे हात आपोआप घडीत गेले.

मग ते मास्तरकडे वळले. “मास्तर, तुम्ही बरोबर होतात. तुमच्या कामाला मी...”

“मी विचारलं होतं,” मास्तर म्हणाला.

“विचारलं होतं.”

“तीनदा.”

“तीनदा.”

एवढं कबूल झाल्यावर मास्तरचा राग, असलाच तर, संपला. त्याने इमारतीकडे पाहिलं. “खरा फोटो आहे? विनाधारेचा?”

तो होता. कॅमेऱ्यातून निघाला तसा, हात न लावलेला, फोनमध्ये. मास्तरने तो बराच वेळ पाहिला, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडून मत बाहेर पडलं. “हे आधी द्यायचं होतंत, साहेब. असं कशाला कुणी बिघडवतं?”

रेघा खरवडायला आठवडा लागला असता. मास्तरने दुसरा मार्ग काढला. चुन्याची अगदी पातळ निवळी, तिच्यात भिंतीच्या रंगाचा नुसता वास. ती रुंद ब्रशाने हात हलका ठेवून फिरवायची, म्हणजे पांढरं दबेल, काळं फिकं पडेल, ठिपके विरघळतील. फक्त कुठे थांबायचं ते खालून कळणार नाही, आणि परांचीवरून तर मुळीच नाही. म्हणून काटकोनराव खरा फोटो घेऊन शिंप्याच्या गच्चीवर चढले.

“आता किती?” मास्तर परांचीवरून ओरडे.

“साठ.”

ब्रश फिरे. “आता?”

“पन्नास. उजव्या खांबाला पंचावन्न.”

“आता?”

“चाळीस. हळू, मास्तर, हळू.”

दुपारी काकू डबा घेऊन आल्या. वर गच्चीत नवरा आकडे ओरडतोय, समोर रंगारी आकड्याबरहुकूम इमारत पुसतोय आणि रस्त्यातली माणसं माना इकडून तिकडे फिरवतायत, हे त्यांनी पाहिलं. “उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच होय,” त्या म्हणाल्या. पण डबा ठेवून गेल्या नाहीत, स्टुलावर बसल्या. पंचविसावर डावीकडची पहिली खिडकी आली तेव्हा त्याच म्हणाल्या, “अहो, बास. आता ती भिंत आहे.”

काटकोनरावांनी फोटो पाहिला, भिंत पाहिली. “बास, मास्तर.”

सूर्य कलेपर्यंत डावा अर्धा भाग झाला. मग मास्तरने ब्रश धुतला. “सावली लांबली की रंग खोटं बोलतो. आता हात लावणार नाही.” त्याच्या पुढे कुणाचं चाललं नाही.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी दहा वाजता पाहणी अधिकारी आल्या तेव्हा इमारतीचा डावा भाग पंचविसावर होता आणि उजवा नव्वदवर. मधोमध, दरवाज्याच्या बरोबर वरून, फरकाची सरळ उभी रेषा गेली होती. अधिकारीबाई तिशीच्या होत्या, पाठीवर पिशवी, पायात बूट. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

“हे काय आहे?”

चिटणीसबाईंनी रात्रीतून उत्तर तयार केलं होतं. “दोन नमुने आहेत. आपल्या पसंतीसाठी.”

ते चाललंही असतं. पण काटकोनरावांनी त्या इमारतीबद्दल एकदा खोटं बोलून पाहिलं होतं. “नमुने नाहीत,” ते म्हणाले. “उजवीकडची चूक आहे. माझी आहे.” आणि त्यांनी लॅपटॉप उघडून मणी शून्यावरून नव्वदपर्यंत नेऊन दाखवला. पडद्यावर समोरच्या इमारतीचा डावा भाग उजव्यासारखा होत गेला.

अधिकारीबाई परांचीवर चढल्या. पिशवीतून भिंग काढलं. उजवीकडची पांढरी रेघ त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, ठिपक्यांची एक चौकट छापील फोटोशी ताडून पाहिली, आणि उतरल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

“सात वर्षं मी पाहण्या करतेय,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक कागदावर लिहिलेलं असतं, फोटोप्रमाणे काम केलं. केलेलं आज पहिल्यांदा बघतेय.” त्यांनी मास्तरला नमस्कार केला. मास्तरने ब्रश या हातातून त्या हातात घेतला. “आठ दिवस देते. उजवा भाग डाव्यासारखा करा.”

आठ दिवसांनी तो तसा झाला. अधिकारीबाई पुन्हा आल्या, बघून खूश झाल्या, खिशातून फोन काढून एक फोटो घेतला, वरच्या साहेबांना जागच्या जागी पाठवून दिला आणि गेल्या. चिटणीसबाईंनी मुख्याध्यापिका झाल्यापासून पहिल्यांदा सगळ्यांसमोर बशीतून चहाचा भुरका मारला.

चौथ्या दिवशी पत्र आलं. ‘सोबतच्या छायाचित्रावरून दर्शनी भागाच्या कडेने पांढऱ्या रेषा दिसून येतात. मूळ रूपात त्या नाहीत. सात दिवसांत काढून कळवावे, अन्यथा इमारत यादीतून वगळण्यात येईल.’

सगळे धावत कचेरीशी गेले. रेषा नव्हत्या. सकाळचं ऊन होतं आणि भिंत होती. काटकोनरावांनी सोबत आलेला फोटो नव्या चष्म्यातून पाहिला आणि त्यांच्या ध्यानात आलं.

“बाईंच्या फोनने आखल्यात. हल्लीचे फोन फोटोला आपणहून धार लावतात. न विचारता.”

“म्हणजे तुमच्यासारखेच,” चिटणीसबाई म्हणाल्या. “मी आत्ता लिहिते, की इमारतीवर अशा रेषा नाहीतच.”

“तसं लिहू नका,” काटकोनराव घाईने म्हणाले, आणि चौतीस वर्षांची नोकरी त्यांच्या आवाजात आली. “वरच्या साहेबांना रेघ दिसली म्हणजे ती आहे. नाही म्हणून कळवलंत तर चौकशी लागते. काढली म्हणून कळवलंत तर फाइल बंद होते.”

“पण नसलेली रेघ काढायची कशी?”

सगळे मास्तरकडे बघायला लागले. मास्तरने भिंतीकडे पाहिलं. “शिडी लागेल,” तो म्हणाला.

ठरल्या दिवशी, रेषा निघाल्याची खात्री करायला अधिकारीबाई यायच्या तासभर आधी, त्याने शिडी लावली आणि कोरडा ब्रश घेऊन वर चढला. नुसतं चढून उतरणं त्याच्या शिस्तीत बसत नव्हतं. पत्रासोबतच्या फोटोत जिथे जिथे रेघ होती तिथे तिथे, चौकटी मोजून, त्याने ब्रश फिरवला. सज्जाची कड झाली, खिडक्या झाल्या, छपराचा ओठ झाला. खाली माणसं जमली.

“आता बघा कसं मोकळं वाटतंय,” कुणीतरी म्हणालं.

“फरक पडला,” शिंपी म्हणाला. “कालपर्यंत नजरेला टोचत होतं.”

चिटणीसबाईंनी चष्मा पुसला. “हो, पडलाय,” त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोललो म्हणून स्वतःच चपापल्या.

अधिकारीबाई आल्या. त्यांनी आधी भिंत पाहिली, मग शिडीवरचा मास्तर, मग त्याचा कोरडा ब्रश, मग पुन्हा भिंत. त्यांना काय ते समजलं असावं. हात खिशातल्या फोनकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. “काटकोनराव,” त्या म्हणाल्या, “फाइलला फोटो तुमचाच लावू या.”

तो काटकोनरावांनी त्याच सकाळी काढला होता. अधिकारीबाईंनी तो पाहिला आणि पाहतच राहिल्या. भिंतीवर तिरपं ऊन पसरलं होतं. वरच्या खिडक्या खालच्यांएवढ्याच दिसत होत्या. प्रत्येक ब्रॅकेट आपापल्या सावलीवर उभं होतं.

“याला काय केलंत?” त्यांनी विचारलं.

“लवकर उठलो.”

“आणि?”

“आणि काही नाही. बाकीचं बांधणाऱ्याने आधीच केलेलं आहे.”

अधिकारीबाईंनी कागदावर लिहिलं, ‘रेषा काढल्याचे आढळले. इमारत यादीत घेण्यास हरकत नाही.’ त्याखाली एक रिकामी जागा होती: काम करणाऱ्याची सही. त्यांनी कागद शिडीकडे वर केला.

मास्तर उतरला. त्याने कोरडा ब्रश सवयीप्रमाणे पाण्यात धुतला, हात पुसले, आणि कागद गुडघ्यावर ठेवून नाव सावकाश, वळणदार अक्षरात घातलं. साठ वर्षांत त्याने कुठल्याच कामाखाली नाव घातलं नव्हतं.

“आजच बरी सही केलीत,” काटकोनराव म्हणाले.

“का नाही करणार,” मास्तर सही वाळायला धरत म्हणाला. “या कामात कुणाला चूक काढता यायची नाही.”